झाड तोडलं लाईनवाल्यांनी, मोळी पकडली आमच्या बायांची!



बायांनो, दादांनो, उन्हाळा सरत आला. राब भाजून झाले. आता घराघरात एकच काळजी आहे, पावसाळ्याच्या सरपणाची.

बाहेरच्या माणसाला ही काळजी कळत नाही, म्हणून आधी हिशोब सांगतो. डोईवरची एक मोळी एका घराला तीन-चार दिवस पुरते. पावसाचे चार महिने धरले तर घरटी तीस-पस्तीस मोळ्या लागतात. मृग लागायच्या आत त्या माळ्यावर आणि पडवीत रचल्या गेल्या पाहिजेत. नाही रचल्या तर आवणीच्या दिवसांत, कंबरेएवढ्या चिखलातून भिजून आलेल्या माणसाला गरम पेजसुद्धा मिळत नाही. ओल्या लाकडावर नागलीची भाकर होत नाही, नुसता धूर होतो आणि पोरं खोकत बसतात. गॅस घ्या म्हणणाऱ्यांनी आधी पाड्यापर्यंत रस्ता आणावा, मग सिलेंडरचे पैसे कुठून आणायचे तेही सांगावं.

नेमक्या याच दिवसांत विजेच्या लाईनखालची झाडं तोडणारे येतात. पावसाआधी लाईन साफ करायची, म्हणजे वाऱ्यावादळात फांदी तारेला लागू नये. हे काम चुकीचं आहे असं आम्ही म्हणत नाही. फांदी घासली की लाईट जाते. तार तुटून पडली तर बैल मरतो, माणूस मरतो. लाईन साफ व्हायलाच पाहिजे. आमचं भांडण त्याच्या पुढचं आहे. तोडलेल्या झाडाचं पुढं काय होतं, हा आमचा सवाल आहे.

यंदा काय झालं?

आमच्या पाड्याच्या वरच्या अंगाला लाईन जाते. यंदा ठेकेदाराची सहा-सात माणसं आली. सोबत मशीनची करवत आणि टेम्पो. दोन दिवस तोड चालली. ऐन, बोंडारा, काकड, पळस गेले. दोन साग गेले. एक मोहाचं झाड अर्धं सोलून टाकल्यासारखं केलं, त्याच्या नुसत्या वरच्या फांद्या काढल्या असत्या तरी भागलं असतं. आमच्यातला एक पोरगा तसं बोलला तर मुकादम म्हणतो, "तुझ्या बापाचं झाड आहे काय?"

संध्याकाळी टेम्पो भरून जाड लाकूड गेलं. कुठं गेलं? कुणी म्हणतं वीटभट्टीवर, कुणी म्हणतं वखारीत. आम्ही मागून गेलो नाही, म्हणून ठामपणे सांगत नाही. पण टेम्पो नाक्यावरूनच गेला, रस्ता एकच आहे. नाक्यावर त्याला कोणी अडवलं नाही एवढं सगळ्यांनी बघितलं.

मागं राहिल्या फांद्या, शेंडे, काटक्या. त्या आठ दिवस उन्हात पडल्या. मग पाड्यातल्या अकरा बाया पहाटे निघाल्या, मोळ्या बांधल्या आणि उतरून आल्या. रस्त्याला लागताच जंगल खात्याच्या माणसाने अडवलं. म्हणे हे तोडलेलं लाकूड आहे, वाळून पडलेलं नाही. अकराच्या अकरा मोळ्या खाली टाकायला लावल्या. पाच कोयते घेतले. दरडोई दोनशे रुपये मागितले. चार बायांनी उसने आणून दिले. पावती नाही, पंचनामा नाही, कागदाचा चिटोरा नाही.

तिथं आमची एक आजी होती. शाळेचं तोंड तिनं बघितलेलं नाही. तिनं मोळीतली एक फांदी उपसली आणि त्याच्या समोर धरली. म्हणाली, "घाव बघ ना साहेब. कोयत्याचा घाव तिरपा असतो, दोन-तीनदा मारावा लागतो. ही तर सुरीनं लोणी कापल्यासारखी सपाट आहे. आमच्या घरी मशीन आहे काय?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पण मोळ्या त्यानं सोडल्या नाहीत. त्या मोळ्या पुढं कोणाच्या चुलीत गेल्या ते आम्ही सांगत नाही. धूर सगळ्यांनी बघितला.

चोर कोण?

सगळी गोष्ट एका ओळीत अशी आहे. झाड तोडलं ठेकेदाराने, बुंधा नेला टेम्पोने, आणि गुन्हेगार ठरली काटक्या वेचणारी बाई. अक्खं जनावर नेलं त्याला कोणी बोलत नाही, हाडूक उचललं त्याला काठी!

खात्याची माणसं सभेत, शाळेत सांगत फिरतात की सरपणवाल्या बायांमुळे जंगल संपलं. आम्ही विचारतो, मोठी लाईन जंगलातून जाते तेव्हा किती जंगल जातं? २२० केव्हीच्या लाईनला ३५ मीटर रुंदीचा पट्टा धरतात. म्हणजे एका किलोमीटरला साडेतीन हेक्टर, साडेआठ एकरांच्या वर. ४०० केव्हीचा पट्टा याहून रुंद. त्या पट्ट्यातलं प्रत्येक झाड तोडायचं असंही नाही. सरकारच्याच नियमात आहे की तारा ओढायला प्रत्येक तारेखाली तीन मीटरची पट्टी मोकळी करावी, ओढून झाल्यावर तिथं झाडोरा परत वाढू द्यावा, बाकी झाडांची लागेल तेवढी छाटणी करावी. खोल दरीत तार एवढी वर असते की झाड तिथं पोचतच नाही. मग दरीतली झाडं का पडतात? हा सवाल मोळीवालीला विचारायचा की ठेकेदाराला?

आता दुसऱ्या बाजूला बघा. वनहक्क कायद्यात एका कुटुंबाला जास्तीत जास्त चार हेक्टर, तेही १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असेल तर. आम्ही पुरावे दिले, म्हाताऱ्यांचे जबाब दिले, दंडाच्या जुन्या पावत्या दिल्या. हातात काय आलं? कोणाला वीस गुंठे, कोणाला दहा, कोणाला नुसतं पत्र की दावा अमान्य. आमच्या एका घराला देताना गुंठे मोजतात, आणि लाईनला देताना किलोमीटर!

आणि वीज? वैतरणेचं पाणी मुंबईला गेलं, धरणाच्या काठची बाई उन्हाळ्यात डवरा खणून वाटीनं पाणी भरते. तारापूरला १९६९ पासून वीज बनते. मोठ्या तारा आमच्या डोक्यावरून गुणगुणत जातात आणि खाली पाड्यात कंदील. आमच्या पाड्याला चार खांब पाहिजेत म्हणून अर्ज केला तर उत्तर येतं, मध्ये जंगल आहे. अहो, पण वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयींची यादी आहे. त्यात शाळा आहे, अंगणवाडी आहे, पाण्याची टाकी आहे, तशी विजेची लाईनसुद्धा आहे. जागा एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस. एवढ्यावर गावाची लाईन होते. हे कलम साहेबाला माहीत नाही असं नाही. आपल्याला माहीत नाही असं त्याला वाटतं.

कायदा काय सांगतो?

आम्ही बारावीपर्यंत शिकलेली पोरं आहोत, वकील नाही. पण कायद्याचं पुस्तक मराठीत आहे आणि आम्ही ते रात्री पाड्यात बसून वाचलंय. जे पक्कं आहे तेवढंच सांगतो.

इंग्रजांनी १९२७ साली भारतीय वन कायदा केला. त्याच्या कलम ६९ प्रमाणे जंगलातल्या मालाबद्दल वाद झाला तर तो सरकारचा आहे असं आधीच धरून चालतात, नाही हे आपण सिद्ध करायचं. त्याच कायद्याच्या जोरावर आजही मोळी अडवतात. पण त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये असंही आहे की माल जप्त केला तर त्यावर खूण करायची आणि वर रिपोर्ट करायचा. म्हणजे रस्त्यात मोळी टाकून घ्यायची, पैसे खिशात घालायचे आणि लाकूड चुलीत घालायचं, हे इंग्रजांच्या कायद्यातही बसत नाही!

मग आला २००६ चा वनहक्क कायदा. हा कायदा कुणी भीक म्हणून दिला नाही. मोर्चे काढून, तुरुंगात जाऊन आपल्या लोकांनी तो मिळवला. त्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. त्यात गौण वनउपज कशाला म्हणायचं ते दिलंय. बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपानं यांच्या सोबत काटक्या-झाडोरा आणि खुंटसुद्धा आहेत. कलम ३(१)(ग) म्हणजे मराठी पुस्तकातलं गौण वनउपजाचं कलम सांगतं की परंपरेनं गोळा करत आलेल्या गौण वनउपजावर आपली मालकी आहे. गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क आहे. त्याच्या आधीच्या कलमात निस्तार आहे. निस्तार म्हणजे घरखर्चाला जंगलातून जे लागतं ते.

२०१२ साली नियम सुधारले. त्यात आहे की गौण वनउपज जंगलात आणि जंगलाबाहेर, सोयीच्या वाहनाने नेता येतं. आणि वाहतुकीचा पास द्यायचा झाला तर तो ग्रामसभेची समिती देईल. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २०११ मध्ये स्वतःच्या ग्रामसभेच्या पासवर बांबू बाहेर काढला. त्यासाठी दिल्लीहून मंत्री गावात आले. त्या आधी तिथलं खातंसुद्धा हेच म्हणत होतं की बांबू आमचा.

आता खरं ते खरं बोलू. सागाचा बुंधा, इमारती लाकूड हे गौण वनउपज नाही. ते आमचं आहे म्हणून आज आम्ही दावा करत नाही. पण त्याचा हिशोब मागायचा हक्क आमचा आहे, कारण कलम ५ प्रमाणे जंगल राखायचं काम ग्रामसभेवर टाकलंय. राखायला आम्ही आणि न्यायला टेम्पो, हे चालणार नाही. फांद्या, शेंडे, काटक्या मात्र आमच्याच आहेत. त्याला कोणाच्या दयेची गरज नाही.

ज्याच्या मालकीच्या किंवा कसायच्या जमिनीत झाड आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६८ मध्ये आहे की लाईन येण्याच्या आधीपासून उभं असलेलं झाड लाईनसाठी तोडलं, तर झाडवाल्याला वाजवी भरपाई मिळू शकते. म्हणून बांधावरचा आंबा, मोह, फणस तोडायला आले तर गप्प बघत बसू नका. झाड आधीचं की तार आधीची, हे तेव्हाच चार माणसांसमोर कागदावर लिहून घ्या.

ते काय म्हणतात आणि आम्ही काय म्हणतो

ते म्हणतात, आज पडलेलं नेऊ दिलं तर उद्या या बाया उभं झाड तोडतील. आम्ही म्हणतो, मग बुंधा नेणाऱ्या ठेकेदाराला हीच भीती का लावत नाही? आज दोन साग जास्त पाडले तर उद्या दहा पाडेल! बाई डोईवर वीस-पंचवीस किलो नेते. टेम्पोचं एका खेपेचं लाकूड न्यायला तिला शंभर खेपा लागतील.

ते म्हणतात, हे सरकारचं लाकूड आहे, लिलाव होईल. आम्ही म्हणतो, काटक्यांचा लिलाव आजवर कधी झाला ते दाखवा. वणव्यात जळून जातील, पण बाईच्या चुलीत जाऊ देणार नाहीत. उन्हाळ्यात लाईनखाली वाळलेल्या फांद्यांचा ढीग म्हणजे वणव्याला आमंत्रण. त्या आम्ही उचलल्या तर जंगल वाचतं. खात्यानं आमचे आभार मानायला पाहिजेत.

ते म्हणतात, लाईनखाली जाणं धोक्याचं आहे. हे मात्र खरं आहे आणि हे आम्हीच आमच्या लोकांना सांगणार आहोत. पण धोका आहे म्हणून दंड घेणार काय? धोका आहे तर तोडीच्या दिवसाची खबर पाड्याला द्या, लाईन बंद कधी, चालू कधी ते सांगा, तोडून झाल्यावर फांद्या ओढून बाजूला टाका. एवढं केलं की धोका संपला.

ते असंही म्हणतात की लाईनच्या कामाला ग्रामसभेला विचारायची गरज नाही. यातली गोम समजून घ्या. ३ ऑगस्ट २००९ ला केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने पत्र काढलं की जंगलजमीन दुसऱ्या कामाला देण्याआधी ग्रामसभेची संमती पाहिजे. मग ५ फेब्रुवारी २०१३ ला दुसरं पत्र काढलं आणि रस्ते, कालवे, पाईपलाईन, विजेच्या लाईन अशा लांबट कामांना त्या संमतीतून सूट दिली. कायदा संसदेनं केला आणि पत्राने त्याचा पाय कापला! पण त्या पत्रातही एक अपवाद आहे. आदिम जमातींच्या हक्कांवर परिणाम होत असेल तर सूट नाही. आपल्या शेजारी कातकरी वाड्या आहेत. कातकरी सरकारच्याच यादीत आदिम जमात आहे. म्हणजे वारली, कोकणा, ठाकूर, म. कोळी यांनी कातकऱ्याला मागं ठेवून आपली ग्रामसभा भरवली तर आपणच आपला हात तोडून टाकतो. कातकरी भाऊ-बहिणीला ओट्याखाली उभं करू नका, सभेत पुढं बसवा.

आता आपलं आपल्याला

दुसऱ्याचं सगळं सांगितलं, आपलं झाकून ठेवलं तर हे पत्रक खोटं होईल.

टेम्पो भरायला कोण होतं? आमच्याच पाड्यातले तीन गडी होते. दिवसाचे तीनशे रुपये आणि संध्याकाळची बाटली. त्यांच्याच घरातल्या बायांच्या मोळ्या नंतर पकडल्या. दादांनो, मजुरी करा, पोटाला लागते. पण लाकूड कुठं चाललंय, किती चाललंय, एवढं तरी डोळे उघडे ठेवून बघा आणि सभेत सांगा.

दोन पाड्यांच्या बाया फांद्यांवरून भांडल्या, एकमेकींच्या मोळ्या सोडल्या. आमची हद्द, तुमची हद्द. ती हद्द कोणी आखली? आपण भांडतो तेव्हा खात्याला काम उरत नाही.

काहीजण लाईन चालू असताना लटकलेली फांदी आकडीनं ओढायला जातात. हे करू नका! ओल्या बांबूतून, ओल्या फांदीतून करंट उतरतो. तारेवर अडकलेली फांदी कोणाचीच नाही, तिला हात लावायचा नाही. लाईनवाल्याला कळवायचं आणि लांब थांबायचं. एका मोळीसाठी घरातलं माणूस घालवायचं नाही.

आणि लाईनवाल्यांच्या तोडीच्या आडून आपला कोयता उभ्या झाडावर चालवायचा नाही. आजीने घाव दाखवला म्हणून आपली बाजू खरी ठरली. उद्या मोळीत एक तिरपा घाव निघाला तर सगळ्यांची बाजू जाईल.

मग करायचं काय?

एक. मृगाच्या आधी प्रत्येक पाड्याची ग्रामसभा घ्या. ठराव लिहा की आमच्या हद्दीत लाईनखाली तोडलेल्या झाडांच्या फांद्या, शेंडे, काटक्या ग्रामसभेच्या आहेत. वाटप घरटी होईल. म्हातारं माणूस, विधवा बाई, बाळंतीण यांची मोळी पाड्यातल्या पोरांनी आणून द्यायची.

दोन. वीज कंपनीच्या कचेरीत आणि जंगल खात्यात त्या ठरावाची नक्कल द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर ठराव दिलाच नाही असं समजा.

तीन. तोड होईल त्या दिवशी समितीची दोन माणसं तिथं हजर. कोणतं झाड, किती, बुंधे कुठल्या गाडीत गेले, गाडीचा नंबर काय, हे वहीत लिहायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासोबत शाळेतलं पोर न्या.

चार. मोळीला एकटीनं जायचं नाही. अडवलं तर पळायचं नाही, मोळी टाकायची नाही. नाव विचारायचं, हुद्दा विचारायचा. दंड मागितला तर पावती मागायची, जप्ती केली तर पंचनामा मागायचा. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही.

पाच. तरीही मोळ्या घेतल्या तर ग्रामसभेचा ठराव करून कलम ८ प्रमाणे राज्यस्तरीय सनियंत्रण समितीला साठ दिवसांची नोटीस द्यायची. त्या मुदतीत काही केलं नाही तर पुढं कोर्टाचा रस्ता उघडतो. हक्क मोडणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ७ मध्ये दंड आहे, फक्त एक हजार रुपये. रक्कम छोटी आहे, पण तो दंड त्याला भरायचा आहे, आपल्याला नाही. हे चित्र एकदा बघायचंच आहे.

सहा. ज्या गावांनी सामूहिक हक्काचा दावा अजून टाकला नाही त्यांनी नमुना ब आणि नमुना क भरायला घ्या. नुसत्या वैयक्तिक प्लॉटच्या मागे लागून जंगल हातचं जाऊ देऊ नका.

आमच्या आजा-पणजांनी १९४५ साली सावकार-जमीनदारांची वेठ मोडली. तेव्हा त्यांना सांगितलं जात होतं की जमीन मालकाची, गवत मालकाचं, तुमचं अंगसुद्धा मालकाचं. आज सांगतात की झाड सरकारचं, तार कंपनीची, बुंधा ठेकेदाराचा. आणि फांदी? फांदीसुद्धा तुमची नाही!

त्या अकरा बाया येत्या बाजाराच्या दिवशी खात्याच्या कचेरीत जाणार आहेत. चार जणींचे आठशे रुपये, पाच कोयते आणि अकरा मोळ्या परत मागायला. त्या आजीनं ती सपाट कापलेली फांदी घरात जपून ठेवली आहे, ती सोबत नेणार आहे. अकराच बाया गेल्या तर शिपाई बाहेर बसवून ठेवील. पाच पाड्यांतून घरटी एक माणूस आलं तर साहेब बाहेर येईल.

भाकर बांधून या. पोरांना घेऊन या. प्रत्येकानं लाईनखालची एक काटकी हातात घेऊन या. बघू, किती जणांचा पंचनामा करतात ते!

जंगल आमच्या हक्काचं, नाही कुणाच्या बापाचं!

जिंदाबाद!

(हे पत्रक वाचून झालं की पुढच्या पाड्यात द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवा.)